सायकलला बेल्ट लावायचाय? आधी फ्रेम तपासा

चेनच्या जागी दातेरी बेल्ट आला की तेल नको, काळे हात नकोत, खडखड नको, हे ऐकून अनेकांना आपल्या जुन्या सायकललाच बेल्ट बसवावासा वाटतो. हे फायदे खरे आहेत. या क्षेत्रात सर्वाधिक दिसणारा गेट्स कंपनीचा बेल्ट पॉलियुरेथेनचा असतो आणि ताण पेलण्यासाठी त्यात कार्बन फायबरचे दोर असतात. तो गंजत नाही आणि पिना झिजून चेन लांबते तसा लांबतही नाही. मात्र बेल्टविषयीचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून निघतात: तो चेनसारखाच एक सुटा भाग आहे, जुना काढून नवा लावला की झालं. चेन लवचिक असते. ती थोडी तिरकी चालते, थोडी सैल असली तरी निभावते आणि कुठेही तोडून जोडता येते. बेल्टला यातलं काहीच जमत नाही. चेन जे सांभाळून घेत होती ते सगळं आता फ्रेमला सांभाळावं लागतं. म्हणून निवड बेल्टपासून नव्हे, फ्रेमपासून सुरू करावी.

गैरसमज पहिला: बेल्ट कोणत्याही फ्रेमला बसतो. वस्तुस्थिती अशी की नेहमीचा बेल्ट अखंड कडं असतो, आणि सायकलचा मागचा त्रिकोण बंद असतो. चेन तोडून या त्रिकोणातून ओवता येते, बेल्ट ओवता येत नाही. त्यामुळे बेल्टसाठी बनवलेल्या फ्रेममध्ये उजवीकडचा सीटस्टे, म्हणजे सीटखालून मागच्या आसाकडे उतरणारी नळी, किंवा चाकाचा आस बसतो तो ड्रॉपआउट बोल्टने उघडता येतो. काही फ्रेममध्ये चेनस्टे, म्हणजे पेडलच्या आसापासून मागच्या आसाकडे जाणारी नळी, बेल्टच्या वरून नेलेला असतो, म्हणजे उघडझाप लागतच नाही. मार्क सँडर्स यांनी रचलेली आणि १९८७मध्ये बाजारात आलेली घडीची स्ट्रायडा सायकल सुरुवातीपासून बेल्टवर चालते. तिची चाकं एकाच बाजूने धरलेली असल्यामुळे बेल्ट दुसऱ्या बाजूने सहज चढतो. म्हणजे तिथेही अडचण सुटली ती फ्रेमच्या रचनेनेच. आता जोड देता येणारे बेल्टही मिळतात, मग फ्रेमची काळजी कशाला, असा आक्षेप कुणी घेईल. पण त्यांनी फक्त ओवण्याचा प्रश्न सुटतो. पुढचे सगळे प्रश्न तसेच राहतात.

गैरसमज दुसरा: वेल्डरकडून सीटस्टे कापून जोड बसवला की काम झालं. इथे धातू महत्त्वाचा ठरतो. स्टीलच्या नळीला कसबी फ्रेमकार जोड बसवू शकतो. ॲल्युमिनियमची मजबुती उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने ती त्या जागी घटते. कार्बनच्या फ्रेमला तर करवत लावूच नये. शिवाय कापलेली फ्रेम पुन्हा तितकीच ताठ राहायला हवी. पेडलवर जोर पडला की मागचा भाग किंचित वाकतो, दोन्ही चक्रं एका रेषेतून सरकतात, ताण क्षणभर कमी होतो आणि बेल्ट दात सोडून उडी मारतो. बेल्ट तुटेल ही लोकांची भीती असते, पण खरा धोका या उडीचा आहे, कारण तिने आतले दोर दुखावतात. जर्मनीची रोहलॉफ कंपनी आपल्या गिअर हबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यभागी गिअर सामावणाऱ्या भागावर, बेल्ट लावायचा तर फ्रेम ताठरपणाच्या चाचणीत उतरलेली असावी अशी अट घालते, ती याच कारणाने.

गैरसमज तिसरा: लांबीचं नंतर पाहता येईल. चेनची कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची, बेल्टच्या दातांमधलं अंतर ११ मिलिमीटर. त्यामुळे जुनी चक्रं चालत नाहीत. बेल्ट ठरावीक मापांतच मिळतो, जसं ११५ दातांनंतर ११८. तीन दात म्हणजे ३३ मिलिमीटर आणि दोन चक्रांमधल्या अंतरात साधारण साडेसोळा मिलिमीटरचा फरक. पुढचं-मागचं चक्र बदललं की हे गणित पुन्हा मांडावं लागतं. म्हणून चाक पुढेमागे सरकवण्याची सोय लागते: आडवी खाच, सरकता ड्रॉपआउट किंवा पेडलचा आस फिरवून पुढेमागे करता येणारं बॉटम ब्रॅकेट. फक्त उभी खाच असेल तर ताण देणार कशाने? आणि ताण अंदाजाने द्यायचा नसतो. बेल्ट तारेसारखा छेडून त्याची कंपनसंख्या मोबाइल ॲपवर मोजतात. बेल्टचं पुढचं चक्र आकाराने मोठं निघालं तर ते चेनस्टेला घासणार नाही ना, हेही आधीच मोजावं.

गैरसमज चौथा: बेल्ट हलका चालतो आणि त्याकडे पाहावंच लागत नाही. बेल्ट कायम ताणलेला असल्याने हलक्या जोराने पेडल मारतानाही थोडी शक्ती त्यात जाते. स्वच्छ, तेल दिलेली चेन तिथे सरस ठरते. चिखलाने माखलेली चेन मात्र ही आघाडी गमावते. डिरेलरचे गिअर बेल्टवर चालत नाहीत, कारण ते चेन आडवी सरकवण्यावरच आधारलेले असतात. म्हणून एकच गिअर, हबमधले गिअर किंवा पिनियन कंपनी बनवते तसा गिअरबॉक्स घ्यावा लागतो. बेल्टला तेल नको हे खरं, पण ताण आणि रेष अधूनमधून तपासावी लागते. बसवताना तो दुमडायचा, पिळायचा किंवा स्क्रूड्रायव्हरने चक्रावर चढवायचा नाही.

एवढी कटकट असेल तर बेल्ट घ्यावाच कशाला, असंही कुणी विचारेल. रोज पावसापाण्यात ठरावीक अंतर जाणाऱ्याला, ज्याला चेनची निगा नकोशी वाटते, त्याला तो नक्कीच परवडतो. मात्र त्याने बेल्टसाठीच बनवलेली सायकल घ्यावी. जुनी फ्रेम बदलून घेणं तेव्हाच शहाणपणाचं, जेव्हा ती स्टीलची, सरळ आणि ताठ असेल, तिला आडवी खाच असेल आणि गिअर एकच किंवा हबमध्ये असतील. यातली एखादी अट सुटली तर फ्रेमकाम, हब आणि नवी चक्रं यांच्या खर्चापेक्षा चांगली चेन आणि तेलाची बाटली स्वस्त पडते. लांबच्या सफरीला निघणाऱ्याने आपल्या मापाचा दुसरा बेल्ट सोबत ठेवावा, कारण वाटेतल्या सायकल दुकानात चेन मिळेल, पण नेमका तोच बेल्ट मिळण्याची शक्यता कमी.