कृत्रिम वृक्षाच्या खोडातील विद्युतजोड

नाताळात घरोघरी उभारल्या जाणाऱ्या कृत्रिम वृक्षाचे खोड अखंड नसते. सुमारे साडेसात फूट उंचीचा वृक्ष खोक्यात मावावा आणि एकट्या माणसालाही उभारता यावा, यासाठी पोलादी नळीचे हे खोड बहुधा तीन भागांत केलेले असते आणि एका भागाच्या तोंडात दुसऱ्याचे निमुळते टोक बसवून वृक्ष उभा केला जातो. कारखान्यातच फांद्यांवर दिव्यांच्या माळा गुंडाळलेले वृक्ष बाजारात आले, तेव्हा तळाच्या भागाला मिळालेली वीज वरच्या दोन भागांपर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे सर्वांत समाधानकारक उत्तर म्हणजे खोडाच्या नळीत, सांध्याच्या ठिकाणीच बसवलेला विद्युतजोड, म्हणजेच कनेक्टर होय.

त्यापूर्वीची पद्धत अशी होती की प्रत्येक भागाच्या माळांच्या वायरी बाहेर लोंबत असत आणि वृक्ष उभारणाऱ्याने फांद्यांमध्ये हात घालून कोणती पिन कोणत्या सॉकेटात जाते हे रंगीत चिठ्ठ्यांवरून ओळखावयाचे असे. या पद्धतीत केवळ गैरसोय नव्हती. एका माळेच्या टोकाला दुसरी, दुसरीच्या टोकाला तिसरी अशी साखळी वाढत गेली, की पहिल्या माळेच्या बारीक वायरीतून सर्व माळांचा प्रवाह वाहू लागतो, आणि ही मर्यादा कोठे ओलांडली जाते हे घरातल्या माणसाला दिसत नाही. खोडातील जोडाच्या पद्धतीत मुख्य प्रवाहासाठी पुरेशी जाड वायर नळीतून वर जाते, प्रत्येक उंचीवर तिच्यातून फाटे फुटून माळांना वीज मिळते, आणि खोडाचे भाग एकमेकांत बसवताच यांत्रिक सांधा व विद्युत सांधा दोन्ही एकाच कृतीत पुरे होतात. चुकीची जोडणी करण्यास येथे जागाच उरत नाही, आणि या रचनेचे खरे मोल त्यातच आहे.

मात्र यात एक अडचण होती. साध्या प्लगच्या दोन पिना ठरावीक दिशेनेच सॉकेटात जातात. खोडाचा वरचा भाग मात्र जड, फांद्यांनी भरलेला आणि डोक्याच्या उंचीवर हातांनी तोलून धरलेला असतो. त्याचे खालचे टोक नळीत दिसेनासे झाल्यावर आतील पिना नेमक्या भोकांसमोर आणणे फार जिकिरीचे ठरते. काही उत्पादकांनी नळीला खाच व उंचवटा ठेवून दिशा निश्चित केली. दुसरा मार्ग अधिक मूलगामी आहे: एक संपर्क अगदी मध्यभागी, अक्षावर ठेवायचा आणि दुसरा त्याच्याभोवती वर्तुळाकार कड्याच्या रूपात ठेवायचा. दोन्ही संपर्कांचा अक्ष एकच असल्यामुळे या रचनेला समाक्ष जोड म्हणतात. वरचा भाग कोणत्याही कोनात बसवला तरी मध्याला मध्य आणि कड्याला कडे भिडते. तळापासून उचलता येणारी विजेची किटली आपल्या बैठकीवर कशीही फिरवून ठेवली तरी चालते, ती याच तत्त्वामुळे.

या तत्त्वाचा एक पूर्वज विजेवर उजळलेल्या पहिल्याच नाताळवृक्षात सापडतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. थॉमस एडिसन यांचे सहकारी एडवर्ड एच. जॉन्सन यांनी डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथील आपल्या घरी लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांच्या ८० दिव्यांचा वृक्ष सजवला होता, आणि तो वृक्ष विजेच्या बळावर स्वतःभोवती फिरत असे. फिरत्या वस्तूला स्थिर तारेने वीज देता येत नाही, कारण तार पिळवटून तुटेल. म्हणून तेथे वृक्षाभोवती तांब्याच्या पट्ट्या बसवून त्यांना घासणाऱ्या संपर्कबिंदूंमधून प्रवाह दिला होता, आणि पट्ट्यांमधील खंडांमुळे दिव्यांचे गट आळीपाळीने विझत व उजळत. वर्तुळाकार धातूला कोणत्याही कोनातून स्पर्श करता येतो, ही साधी भूमिती तेथे वृक्ष फिरता ठेवण्यासाठी उपयोगी पडली, तर आजच्या खोडात ती दोन भाग बिनचूक जुळवण्यासाठी उपयोगी पडते.

जोडातून प्रत्यक्षात किती प्रवाह जातो, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते आणि तारेच्या छोट्या बल्बला सुमारे २.५ व्होल्ट पुरतात. म्हणून साधारण ५० बल्ब एकामागून एक, म्हणजे एकसर जोडणीत ठेवले जातात, आणि असे अनेक गट एकमेकांशी समांतर जोडले जातात. एका गटाला अंदाजे ०.१७ अँपिअर प्रवाह लागतो असे धरले, तर ६०० बल्बांच्या वृक्षाला दोन अँपिअरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ २४५ वॅट शक्ती लागेल. वृक्ष वर निमुळता होत जात असल्याने तळाच्या भागात ३००, मधल्यात २०० आणि शेंड्यात १०० बल्ब असतील, तर खालच्या सांध्यातून सुमारे एक अँपिअर आणि वरच्या सांध्यातून त्याच्या तृतीयांश प्रवाह वाहील. म्हणजे सर्वाधिक भार खालच्याच जोडावर असतो, आणि वृक्षाचे वजनही त्याच सांध्यावर सर्वांत जास्त येते. चांगल्या रचनेत हे वजन नळीवरच पडावे आणि जोडातील धातूच्या पात्यांवर त्याचा अंशही येऊ नये, अशी योजना असते.

एक अँपिअर प्रवाह फार नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु सांध्याचे आरोग्य प्रवाहाइतकेच स्पर्शावर अवलंबून असते. धातूचे दोन पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते खडबडीत असतात आणि एकमेकांना मोजक्याच ठिकाणी खरोखर टेकतात. रॅग्नर होल्म यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्युत संपर्कांचा जो पायाभूत अभ्यास केला, त्यात या सूक्ष्म स्पर्शबिंदूंना मध्यवर्ती स्थान आहे. सर्व प्रवाहाला या चिंचोळ्या वाटांतून जावे लागत असल्याने तेथे जो अडथळा निर्माण होतो, त्याला स्पर्शरोध म्हणतात. दाब वाढला की स्पर्शबिंदू वाढतात व रोध घटतो. म्हणून जोडातील पाती पितळ किंवा फॉस्फर ब्राँझ यांसारख्या लवचिक मिश्रधातूंची करतात, जी स्प्रिंगप्रमाणे सतत दाबून राहतात. गंज चढू नये म्हणून त्यांवर निकेल किंवा कथलाचा मुलामा देतात, आणि भाग आत सरकताना पाती एकमेकांवर घासतील अशी रचना ठेवतात, जेणेकरून पृष्ठभागावर साचलेला ऑक्साइडचा पापुद्रा खरवडला जाईल. स्पर्शरोध ०.०२ ओहम असेल, तर एक अँपिअर प्रवाहाने ०.०२ वॅट इतकीच उष्णता निर्माण होते. तोच वाढून दोन ओहम झाला, तर बोटभर जागेत, प्लॅस्टिकच्या बंद कवचात दोन वॅट उष्णता कोंडते, प्लॅस्टिक मऊ पडू लागते, पात्यांचा दाब कमी होतो आणि रोध आणखी वाढतो. हे दुष्टचक्र हळूहळू आणि नजरेआड चालत असल्याने सांधा अर्धवट बसलेला असणे हे तो मुळीच न बसण्यापेक्षा अधिक वाईट होय.

पोलादी नळीतून वीज नेताना नळीच विद्युतभारित होण्याचा धोका असतो. १९६० च्या सुमारास अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या ॲल्युमिनियमच्या चकचकीत वृक्षांवर विजेच्या माळा चढवू नयेत असे याच कारणाने बजावले जाई, आणि त्यांच्यावर दुरून फिरत्या रंगीत चाकाचा प्रकाश टाकला जाई. आजच्या जोडाला म्हणूनच धातूपासून वेगळे ठेवणारे कवच असते, वायर नळीतून बाहेर पडते त्या भोकाच्या धारेवर संरक्षक कडी असते, आणि वीज ज्या बाजूने येते त्या बाजूचे संपर्क बोट पोहोचणार नाही इतके आत ठेवलेले असतात. वरचा भाग उचलला तरी खालच्या उघड्या तोंडात वीज असू शकते, म्हणून ही काळजी अनिवार्य आहे. तरीही भाग जोडण्यापूर्वी प्लग काढणे हाच योग्य क्रम होय.

एलईडी दिव्यांनी शक्तीची गरज पुष्कळ कमी केली असली, तरी जोडाचे महत्त्व कमी झालेले नाही. असे अनेक वृक्ष ॲडॅप्टरने मिळणाऱ्या कमी व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. ३० वॅट शक्ती ३० व्होल्टवर पुरवली, तर प्रवाह पुन्हा एक अँपिअरच होतो. शिवाय एलईडी एकाच दिशेचा प्रवाह जाऊ देतो, म्हणून धन व ऋण टोकांची अदलाबदल झाली तर दिवे लागणार नाहीत. समाक्ष जोडात मध्य आणि कडे यांची अदलाबदल होऊच शकत नसल्याने हा प्रश्न मुळातच उद्भवत नाही.

एवढ्याशा भागावरून मोठा न्यायालयीन संघर्षही झाला. विलिस इलेक्ट्रिक या कंपनीला खोडातील विद्युतजोड असलेल्या वृक्षासाठी २०१३ साली अमेरिकी पेटंट मिळाले. पॉलीग्रुप या प्रतिस्पर्धी उत्पादकाविरुद्ध तिने मिनेसोटातील संघीय न्यायालयात दावा लावला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने ४ कोटी २० लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निर्णय दिला. त्यानंतर वाद अपिलात गेला. वरचा भाग कोणत्याही कोनात बसला तरी जोडणी व्हावी, हा गुण या वादातील महत्त्वाच्या मुद्द्यांपैकी एक होता.

भारतात अशा वृक्षांचा विचार करताना व्होल्टेजकडे पाहावे लागते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने तेथील तारेच्या बल्बांचा वृक्ष इकडे आणून थेट २३० व्होल्टच्या सॉकेटात लावला, तर २.५ व्होल्टच्या प्रत्येक बल्बावर जवळजवळ दुप्पट दाब येऊन माळा जळतील. एलईडी वृक्षाच्या ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर पिनेचा आकार जुळवणे पुरेसे होते. तारेच्या बल्बांच्या वृक्षाला मात्र व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि वर हिशोब केलेल्या २४५ वॅटच्या वृक्षासाठी तो निदान ३०० वॅट क्षमतेचा घ्यावा.