धुराची छत्री

मांजरीत थंडीच्या पहाटे मुळा-मुठेवर एक करडा पट्टा तरंगतो. लहानपणी आम्ही त्याला धुके म्हणत असू. माझी आई वीटभट्टीवर विटा वाहायची. तिच्या पदराला जो वास यायचा तोच त्या धुक्याला होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

हा धूर हवामानाचे काय करतो? कोळशातील गंधक जळून हवेत जे सल्फेटचे बारीक कण तयार होतात ते ऊन परतवतात, ढग अधिक उजळ करतात. पृथ्वी थोडी निवते. भट्टी, डिझेल, पेटवलेले पाचट यांची काजळी उलट ऊन शोषते आणि हवा तापवते. १९९९ साली हिंदी महासागरावर झालेल्या 'इंडोएक्स' मोहिमेत वीरभद्रन रामनाथन आदी शास्त्रज्ञांना या मिश्रणाचा तपकिरी थर आढळला. तो सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत पसरला होता. त्याखाली पोचणारे ऊन कमी झाले होते, थरातली हवा मात्र तापत होती.

जगाच्या हिशेबात निववणारे कण वरचढ ठरतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाचा २०२१ चा अहवाल सांगतो की, २०१०-१९ या दशकापर्यंत हरितगृह वायूंनी पृथ्वी सुमारे १.५ अंशांनी तापवली. प्रत्यक्षात वाढ दिसली ती सुमारे १.१ अंशाची. उरलेली मुख्यतः या कणांनी झाकली.

"मग सर, धूर राहू द्यावा का?" वर्गात एकाने विचारले. प्रश्न भाबडा नाही. हवा स्वच्छ केली तर उष्मा वाढेल, असे जाणकारही म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण ही छत्री धरून कोण उभे आहे? ऊस तोडणारे, भट्टीवरचे, रस्ते झाडणारे. त्यांत आपली माणसे किती, हे प्रत्येकाने आपापल्या गावात मोजावे. शिवाय छत्री टिकाऊही नाही. कण आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाने धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. म्हणजे सावलीसाठी रोज नवा कोळसा जाळायचा आणि त्याच कोळशाचे कर्ज नातवंडांवर चढवायचे!

डिझेल आणि भट्टीच्या काजळीबाबत तर हा पेचही फारसा उरत नाही. ती थांबली की छातीही सुटते, तापही उतरतो. विटा नागमोडी रचलेल्या झिगझॅग भट्टीत कोळसा कमी लागतो, काजळीही कमी निघते. पैसा वाचतो म्हणून मालक बदलतील. पाचटाचे तसे नाही. ते शेतातच कुजवले तर जमिनीला खत होते, आणि उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर आमच्याच मांजरीत आहे. पण कुट्टी करायला यंत्र लागते. दोन एकरवाल्याला काडेपेटी स्वस्त पडते.