बाष्पित्राचा स्फोट : दोष पाण्याचा की पत्र्याचा?

बाष्पित्र फुटले की पहिला संशय भट्टीवाल्यावर येतो. त्याने पाणी आटू दिले असावे, असे म्हटले जाते. लाकूड कापण्याच्या जुन्या गिरण्यांत हे कारण पुष्कळदा खरेही असे. परंतु भट्टीवाला जागरूक असूनही स्फोट होऊ शकतो.

२० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील ब्रॉक्टन येथे जोड्यांच्या कारखान्यातील जुने बाष्पित्र फुटले. इमारत कोसळून पेटली व ५८ माणसे दगावली. या बाष्पित्राच्या पत्र्याच्या कडा एकीवर दुसरी चढवून रिव्हेटांनी जोडलेल्या होत्या. असे पिंप पूर्ण वर्तुळाकार नसते. दाब वाढताच ते सांध्यापाशी किंचित वाकते, उतरताच परत येते. वर्षानुवर्षांच्या या हालचालीने तेथे चीर पडते, आणि ती चढत्या कडेखाली दडलेली असल्याने निष्णात तपासनिसालाही दिसत नाही.

सात वातावरणांच्या दाबाखाली पाणी सुमारे १६५ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूप राहते. सांधा उसवताच त्याचा सुमारे आठवा भाग तत्काळ वाफ होतो. ही वाफ मूळ पाण्याच्या सोळाशेपट जागा व्यापते. म्हणजे पाण्याने भरलेले बाष्पित्र फुटले, तर ते आटलेल्यापेक्षा अधिक संहारक!

१९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने बाष्पित्रांविषयी कायदा केला. अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची संहिता १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली.