घराचेही ओव्हरहॉलिंग करा!



गळीत हंगाम संपला की आपल्या कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर खोलतात, पंप उतरवतात, बॉयलरची नळी न् नळी तपासतात. बॉयलर निरीक्षकाने पाहणी करून दाखला दिल्याशिवाय पुढच्या हंगामाचे अग्निप्रदीपन होत नाही. १९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. दरवर्षी त्या दिवशी कारखान्यात सुरक्षा दिन पाळतात, कामगार छातीला बिल्ला लावून शपथ घेतात आणि संध्याकाळी घरी जाऊन ओल्या हाताने मोटारीची पेटी उघडतात!

कारखान्यातल्या यंत्राला निरीक्षक आहे, आपल्या घराला कोण आहे? घराचे निरीक्षक आपणच. म्हणून घरातल्या चार-पाच गोष्टी या लेखात मांडतो. नवे काहीच नाही, पण माहीत असून आपण त्या करत नाही, हेच दुखणे आहे.

अंथरुणातली मण्यार

१९८७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीवर माझा चुलतभाऊ ओसरीत घोंगडी टाकून झोपला होता. पहाटे उठून म्हणाला, "पोटात कळ मारतीय." चुलतीने ओवा दिला. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, तर आम्ही म्हटले रात्री झोप झाली नसेल. घोट गिळेना, तेव्हा कुणी म्हणाले, "बाहेरचं असंल, देवाला न्या." अंगाऱ्यात अर्धा दिवस गेला. तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. मागाहून अंथरूण झाडले, तर घडीतून मण्यार निघाली.

मण्यार रात्री चावते. दंश दुखत नाही आणि पुष्कळदा दिसतही नाही. पोटात कळ, जड पापण्या, घोट न गिळणे हीच तिची खूण. आम्हाला हे तेव्हा कुणी सांगितले नाही. म्हणून आज सांगतो.

शक्यतो खाटेवर झोपा. खाली झोपायचेच असेल तर मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचा. सरपण, गोवऱ्या, पाचट घराच्या भिंतीला लावून रचू नका. सांडलेल्या धान्यावर उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी आणि पायात चप्पल हवीच. रात्रीची लाईट आली म्हणून ऊस भिजवायला जाल तेव्हा पायात गमबूट घाला.

साप चावलाच तर आवळून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने चोखू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका. हात-पाय मोडल्यावर बांधतो तशी चावलेल्या अवयवाला काठीची पट्टी बांधा आणि थेट दवाखाना गाठा. १०८ नंबरला फोन केला की गाडी येते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

विंचवाचेही तसेच. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात कितीतरी माणसे दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या गोळीचा उपचार रूढ केला आणि माणसे वाचू लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम सुटला, हात-पाय गार पडले, तर मंत्रात वेळ घालवू नका.

'औषध' नव्हे, विष

फवारणीच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो आणि तिथेच फसतो. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवायची सवय घरोघरी आहे. लेकराला कोनाडा आणि फडताळ सारखेच. विष मूळ डब्यातच ठेवा, घराबाहेर कुलपात ठेवा. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. रिकामा डबा पाण्याला वापरू नका, त्याला भोके पाडा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. तोंडाला फडके आणि हातात मोजे हवेत. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. ते धुणाऱ्या माउलीच्या हातालाही विष लागते. कुणाच्या पोटात विष गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

वीज आणि गॅस

पत्र्याचे घर आणि दारात कपडे वाळत घालायची लोखंडी तार, ही जोडी घात करते. सर्व्हिस वायरची साल निघून ती पत्र्याला टेकली की सगळी तार जिवंत होते. आजच ती तार काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. झटका बसताच तो वीज तोडतो. कुणी चिकटलाच तर हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने बाजूला करा. रानात तार तुटून पडली तर जवळ जाऊ नका, वायरमनला कळवा.

गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. वास आला की दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा. दिव्याचे बटण लावूही नका, बंदही करू नका. घराबाहेर येऊन १९०६ ला फोन करा. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदला.

उसाची ट्रॉली आणि पोरे

हंगामात आपल्याच उसाच्या ट्रॉल्या गावातून जातात आणि शाळेची पोरे ऊस ओढायला मागे पळतात. एक कांडे हाती येते, पण पाय घसरला तर चाकाखाली जातो. पोरांना दटावून थांबत नाहीत. त्यांना घरीच ऊस सोलून द्या! ट्रॉलीमालकांनी मागे रिफ्लेक्टर लावावेत. रस्त्यात बंद पडलेल्या ट्रॉलीमागे दगड ठेवून निघून जाऊ नये. अंधारात मोटरसायकलवाल्याला ना ट्रॉली दिसते ना दगड.

बंधू-भगिनींनो, बैल गेला अन् झोपा केला, अशी गत आमच्या घरी झाली. चुलतीने त्यानंतर घरात कुणाला मच्छरदाणीशिवाय झोपू दिले नाही. पण ज्याच्यासाठी ती आणायची होती, तो गेला होता. तुमच्या घरी अशी उशिरा शहाणे व्हायची पाळी येऊ नये.

येत्या रविवारी घरातली सारी माणसे मिळून एक तास घर तपासा. १०८, ११२ आणि १९०६ हे तीन नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा, आणि ते घरातल्या म्हातारीला व लेकरालाही पाठ करायला लावा. अग्निप्रदीपनाआधी बॉयलर तपासतो, तसे पहिला पाऊस पडायच्या आत आपले घर तपासून घ्या.