निघालेल्या फाइलींची वही

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम सोर्सपासून बांधणाऱ्याला दोन आज्ञा पाठ असतात : मेक बिल्डवर्ल्ड आणि मेक इन्स्टॉलवर्ल्ड. पहिली सगळं बांधते, दुसरी ते जागच्या जागी नेऊन ठेवते. जुनं मात्र कुणीच उचलत नाही. नव्या आवृत्तीतून काढलेला प्रोग्रॅम डिस्कवर पडून राहतो, आणि चालतोही! प्रश्न जागेचा फारसा नाही. शिळी हेडर फाइल दिसली की बाहेरच्या सॉफ्टवेअरची कॉन्फिगर स्क्रिप्ट ती सोय इथे आहे असं धरून चालते, आणि पुढे कंपाइल करताना अडते. बेवारस प्रोग्रॅमला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, ते वेगळंच.

यावरचा उपाय सोर्सच्या मुळाशीच ठेवलेला आहे. 'ऑब्सोलीटफाइल्स' नावाची एक साधी मजकूर फाइल. सिस्टीममधून काही काढणाऱ्याने तिच्यात सर्वांत वर तारीख, कारणाची एक ओळ आणि जाणाऱ्या फाइलींचे पत्ते लिहायचे. शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या नोंदवहीसारखं हे काम : कोण गेलं, कधी, कशामुळे. २०२०मध्ये जीसीसी हा जुना कंपायलर बेस सिस्टीममधून, म्हणजे फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या मूळ संचातून गेला, तो असाच मागे बरंच सामान ठेवून.

मेक डिलीट-ओल्ड ही आज्ञा ही वही वाचते आणि एकेक फाइल विचारून पुसते. फोल्डर रिकामा असेल तरच काढते. त्यात तुमचं काही असेल तर हात लावत नाही. लायब्ऱ्यांसाठी आज्ञा निराळी, आणि मला या सगळ्या रचनेत हा भेद सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जुनी शेअर्ड लायब्ररी बेस सिस्टीमला नको असली, तरी तुम्ही वर चढवलेले प्रोग्रॅम तिच्यावर उभे असू शकतात. म्हणून आधी ते सगळे नव्याने बांधायचे, मग मेक डिलीट-ओल्ड-लिब्ज. घाई केली तर काल चालणारा प्रोग्रॅम आज सुरूच होत नाही.

मुळातच काही नको असेल, तर एसआरसी डॉट कॉन्फ या फाइलीत 'विदाउट' लावून त्या भागाचं नाव लिहायचं : विदाउट गेम्स, विदाउट ब्लूटूथ. आधीच बसवलेलं असेल तर डिलीट-ओल्ड तेही काढते. त्यासाठी दुसरी वही आहे. गंमत अशी, की पुढे 'नो' लिहिलं तरी विदाउट लागूच होतं. नाव असणं हेच पुरेसं. या पर्यायांचं मॅन्युअलचं पान कुणी हाताने लिहीत नाही. प्रत्येक पर्यायाचं वर्णन सोर्समध्ये वेगळ्या छोट्या फाइलीत असतं, आणि एक स्क्रिप्ट त्यांतून पान तयार करते.

फ्रीबीएसडीचे डेव्हलपर पोल-हेनिंग कॅम्प यांचं नॅनोबीएसडी हे साधन याच पर्यायांचा वापर करून मेमरी कार्डावर मावणारी, फक्त वाचता येणारी सिस्टीम बनवतं.

आता बेस सिस्टीमही पॅकेजांच्या रूपात येऊ लागली आहे. कुठली फाइल कुठल्या पॅकेजची, हे पॅकेज मॅनेजरला ठाऊक असतं. काय काढायचं तेही. सोर्सपासून बांधणाऱ्यांना मात्र वहीच लागते. एखाद्या डेव्हलपरकडून तिच्यात ओळ घालायची राहिली, तर डिलीट-ओल्ड त्या फाइलीपाशी थांबतसुद्धा नाही.