ढगावरची फवारणी आणि तिची नोंद



पाऊस लांबला, की गटसभेत दोन गोष्टी हमखास निघतात. एक जण म्हणतो, "सरकारनं विमान पाठवून पाऊस पाडावा." दुसरा म्हणतो, "विमानानंच आमचा पाऊस पळवला!" दोघांचे कितपत खरे, हे नोंदीवाचून ठरत नाही. अमेरिकेत ही नोंद कशी ठेवतात, ते येथे थोडक्यात देत आहोत.

प्रथम तंत्र समजून घेऊ. ढगात पाणी असते, पण कण इतके बारीक की खाली पडत नाहीत. थंड ढगात सिल्व्हर आयोडाइड, तर उबदार ढगात मिठाची पूड सोडतात. त्याभोवती हिमकण वा थेंब मोठे होतात आणि पडतात. मात्र मुळात योग्य ढग हवा. कोरड्या आभाळातून पाऊस काढता येत नाही.

हे प्रयोग अमेरिकेत १९४६ पासून सुरू झाले आणि पाठोपाठ भांडणेही आली. टेक्सासात काही शेतकऱ्यांनी गारपीट टाळण्यासाठी विमाने लावली. शेजारचे पशुपालक म्हणाले, "आमचे ढग विरले." प्रकरण कोर्टात गेले. १९५८ मध्ये कोर्टाने त्या पशुपालकांच्या जमिनींवरील ढगांना हात लावण्यास मनाई केली. पण ढग खरोखर विमानाने विरले काय, यावर डोळ्यांनी पाहणारे एक सांगत होते आणि तज्ज्ञ दुसरेच.

पुढे १९७१ च्या डिसेंबरात तेथे कायदा झाला. पाऊस पाडणे, गारा रोखणे, धुके हटवणे, असे काहीही करणाऱ्याने केंद्र सरकारच्या सागर व हवामान खात्याला कळवलेच पाहिजे. काम सुरू होण्याआधी किमान १० दिवस पहिला अहवाल, मध्ये एक, आणि काम संपल्यावर शेवटचा. कोठे, किती दिवस, कोणते द्रव्य, किती वापरले, सारे लिहायचे. जाणूनबुजून चुकवल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड.

एक मात्र ध्यानात घ्यावे. हे खाते परवानगी देत नाही किंवा नाकारतही नाही. ते फक्त नोंद ठेवते. परवानगी किंवा बंदी हा राज्यांचा विषय. टेनेसीने २०२४ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२५ मध्ये असे प्रयोग बंद केले.

नोंदीचा उपयोग काय, ते जुलै २०२५ मध्ये दिसले. टेक्सासात ४ जुलैला महापूर आला, शंभराहून अधिक माणसे गेली. दोनच दिवस आधी एका कंपनीने ढगांवर फवारणी केली होती. लोक खवळले. पण फवारणी कोठे, केव्हा झाली, हे कागदावर होते. जागा पुरापासून बरीच दूर होती आणि ते ढग त्याच दिवशी विरले होते. पुराशी त्याचा संबंध नाही, असे शास्त्रज्ञांनी सांगितले.

फायद्याचेही तसेच. अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासणी कचेरीने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले, की अभ्यासांत वाढ शून्य ते २० टक्के दिसते. आपल्याकडे सोलापुरात २०१८-१९ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने प्रयोग केले. काही ढगांवर फवारणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले आणि दोन्हींचा पाऊस मोजला. सुमारे १८ टक्के वाढ आढळली. न फवारलेल्या ढगांची नोंद नसती, तर हा आकडा निघालाच नसता.

आपणांस हे नवे नाही. लागणीची तारीख, जात, गट नंबर यांची ऊसनोंद नसेल तर तोडणीचा क्रम लागत नाही, वाद मात्र लागतो. ढगाचेही तेच. पुन्हा कधी आपल्या भागात विमान आले, तर त्याची तारीख, वेळ, जागा आणि द्रव्य आपण मागावे. आणि गावातल्या पर्जन्यमापकाचा आकडा रोजच्या रोज वहीत उतरवावा. विमान येवो न येवो, ती वही आपल्याच कामाची आहे.