संचिकांतून साकारणारे संकेतस्थळ

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली रचना, कर्तव्ये, अधिकारी-कर्मचाऱ्यांची सूची, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी इत्यादी सतरा बाबी नागरिकांनी न मागता प्रसिद्ध करावयाच्या आणि प्रतिवर्षी अद्ययावत करावयाच्या असतात. ग्रामपंचायतीही यास अपवाद नाहीत. त्यासाठी संकेतस्थळ हे सोयीचे साधन होय. परंतु मोठ्या हौसेने उभारलेले संकेतस्थळ दोन-तीन वर्षांत बंद पडावे, कंत्राट संपताच त्याचा परवलीचा शब्दही कोणास ठाऊक नसावा, आणि त्यासोबत ग्रामसभांची इतिवृत्तेही दिसेनाशी व्हावीत, असा अनुभव दुर्मीळ नाही. या हानीचे एक कारण अशा स्थळांच्या रचनेतच दडलेले असते.

आज पुष्कळशी संकेतस्थळे डेटाबेसवर चालतात. वाचकाने पान मागितले की सर्व्हरवरील प्रोग्राम डेटाबेसातून मजकूर काढतो, त्याची जुळणी करतो आणि पान पाठवितो. दुसऱ्या वाचकासाठी बहुधा हाच खटाटोप पुन्हा होतो. हा प्रोग्राम अहोरात्र जागा ठेवावा लागतो. त्याच्या सुधारित आवृत्त्या वेळोवेळी न बसविल्यास घुसखोरांना वाट मिळते. ज्या कार्यालयात संगणकतज्ज्ञ नाही, तेथे हे लक्ष पुरविणार कोण?

वस्तुतः महाजालाचा आरंभ याहून पुष्कळ साधा होता. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधन संस्थेतून महाजाल जगासमोर आणले, तेव्हा पान म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली एक तयार फाइल असे. मागणी येताच ती जशीच्या तशी पाठविली जाई. अशा स्थळास स्थिर संकेतस्थळ म्हणतात. त्यात एकच मोठी अडचण होती. पाने शंभर झाली की प्रत्येकावरील शीर्षपट्टी, अनुक्रमणिका आणि दुवे हातानेच बदलावे लागत.

ही अडचण संकेतस्थळ-जनक प्रोग्रामांनी दूर केली. २००८ मध्ये गिटहबचे एक सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ‘जेकिल’, तर २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सिया यांनी ‘ह्यूगो’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. दोन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत.

त्यांचे कार्य दप्तराशी परिचित असलेल्या वाचकांस लगेच उमगेल. ‘ह्यूगो’चेच उदाहरण घेऊ. संगणकावर एक मुख्य फोल्डर करावयाचा आणि त्यात ग्रामसभा, अंदाजपत्रक, निविदा, योजना असे उपफोल्डर ठेवावयाचे. प्रत्येक सभेच्या इतिवृत्ताची एक साधी मजकूर-फाइल. तिच्या आरंभी तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये शीर्षक आणि दिनांक लिहावयाचा. त्याखाली मूळ मजकूर. उपशीर्षक, यादी इत्यादी दाखविण्यासाठी ‘मार्कडाऊन’ ही चिन्हपद्धती वापरतात. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धती तासाभरात शिकता येते. पानाचे बाह्यरूप मात्र वेगळ्या साचा-फाइलीत एकदाच ठरवावयाचे असते.

एवढी सिद्धता झाल्यावर एक आज्ञा द्यावयाची. प्रोग्राम सर्व फोल्डर धुंडाळतो, उपफोल्डराचा विभाग करतो, फाइलीचे पान करतो, पानांची दिनांकवार यादी स्वतःच तयार करतो आणि सारे सिद्ध स्थळ निराळ्या फोल्डरात ठेवतो. तो फोल्डर सर्व्हरवर पाठविला की काम झाले. सरपंचांचे नाव बदलले, तर साचा एकदा दुरुस्त करून पुन्हा आज्ञा द्यावी. शेकडो पाने क्षणात नवी होतात. मात्र दुरुस्ती नेहमी मूळ फाइलीतच करावी. घाईने सिद्ध पानात केलेला बदल पुढील वेळी पुसला जातो, हे नवशिक्यांना बहुधा एकदा हात पोळल्यावरच कळते.

या पद्धतीची मर्यादा आणि सामर्थ्य अमेरिकेतील एका प्रसंगात एकदमच दिसले. तेथील शासनाच्या आरोग्यविमा संकेतस्थळाची माहितीपर पाने २०१३ मध्ये ‘जेकिल’च्या साहाय्याने तयार करण्यात आली होती. १ ऑक्टोबर २०१३ रोजी विमा-नोंदणी सुरू होताच स्थळावर लोटलेल्या गर्दीत कोलमडली ती खाते उघडण्याची आणि अर्ज भरण्याची वेगळी यंत्रणा. अर्ज स्वीकारणे, दाखला देणे, कर भरून घेणे ही कामे स्थिर पाने एकट्याने करू शकत नाहीत. त्यांस स्वतंत्र व्यवस्था लागतेच. परंतु केवळ वाचावयाच्या माहितीला तो डोलारा कशास हवा?

मराठी मजकुरासंबंधी काही सूचना आवश्यक आहेत. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फाँटांतील मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा ढीग होतो आणि शोधयंत्रांना सापडत नाही. इतिवृत्ताचे केवळ छायाचित्र चढविणेही अपुरेच. अंध वाचकांचे पठण-प्रोग्राम ते वाचू शकत नाहीत. फाइलींची नावे मात्र रोमन लिपीत ठेवणे सोयीचे, कारण देवनागरी नावांचे पत्ते पाठविताना अनेकदा चिन्हांची लांबलचक रांग बनते. नावात दिनांक घालताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

एका बाबतीत विशेष दक्षता हवी. प्रोग्रामला विवेक नसतो. प्रकाशनाच्या फोल्डरात चुकून राहिलेली, आधार व बँक खाते क्रमांक असलेली लाभार्थी-यादी तो तितक्याच तत्परतेने जगापुढे मांडील. फाइलीच्या आरंभी ती कच्ची असल्याची खूण केल्यास ‘ह्यूगो’ ती एरवी वगळतो. तथापि जोडपत्र म्हणून ठेवलेल्या पीडीएफ फाइलींना हे संरक्षण नसते. म्हणून कामाचा फोल्डर आणि प्रकाशनाचा फोल्डर वेगळा असावा, आणि दुसऱ्यात काय जाईल हे जबाबदार अधिकाऱ्यानेच ठरवावे.

सर्व्हर बदलावयाचा झाल्यास हाच फोल्डर नव्या जागी ठेवून, पत्ता तिकडे वळविला की स्थळ पूर्ववत सुरू होते. मूळ फाइली तर कोणत्याही संगणकावर, जनक-प्रोग्रामावाचूनही वाचता येतात. त्यांची एक प्रत कार्यालयात आणि एक अन्यत्र ठेवावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते तेव्हा कार्यभार-यादीत नोंदवह्या व किल्ल्यांबरोबर या फोल्डराची आणि स्थळाच्या परवलीच्या शब्दाच्या मोहोरबंद पाकिटाचीही नोंद घ्यावी.